टाकीत पडलं म्हणून हायपो नाहीसं होत नाही

"हजार लिटर पाण्याला एक लिटर हायपो टाका. घाबरू नका, एवढ्या पाण्यात टक्केवारी उरतच नाही." हा मेसेज आमच्याकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, पाणी निर्जंतुक करायचं क्लोरीनचं द्रावण. रविवारी कळव्याहून आईचा फोन आला, "अगं, चहाला स्विमिंग पुलासारखा वास येतोय, तोंड धुताना डोळे चुरचुरतायत." सोसायटीने वीस हजार लिटरच्या टाकीत पाच-पाच लिटरचे चार कॅन ओतले होते. मी रबाळे एमआयडीसीत लॅबमध्ये रोज द्रावणं बनवते. हे वाचून गप्प बसवेना.

टक्केवारी उरत नाही म्हणजे जाते कुठे? पाणी ओतल्याने क्लोरीन संपत नाही, पसरतं. थोडं घाणीत खर्च होतं, बाकीचं तिथेच असतं. बाजारातल्या ५ टक्के हायपोच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम, म्हणजे ५०,००० मिलिग्रॅम क्लोरीन. ते हजार लिटरमध्ये पसरलं की लिटरमागे ५० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. सरळ दहापट! आईच्या नळाचं पाणी मी नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकले. फिकट पिवळा रंग यायला हवा होता, आला गडद केशरी.

यातलं अर्धं खरं कुठून आलं असावं, तेही सांगते. टाकी निर्जंतुक करताना ५० मिलिग्रॅमचं पाणी खरोखर भरून ठेवतात. पण ते नंतर सगळं सोडून देतात, टाकी धुतात आणि मग ताजं पाणी घेतात. मेसेजमध्ये नेमकं हेच वाक्य गायब आहे.

मेसेजमधले बाकीचे सल्लेही बघा. "५ टक्क्यांचं १ टक्का करायला पाचपट पाणी घाला" हेही चूक. कोकम आगळ एक वाटी आणि पाणी चार वाट्या, तेव्हा एकूण पाच वाट्या सरबत होतं. भागायचं ते एकूण मापाने, ओतलेल्या पाण्याने नव्हे. पाच वाट्या पाणी घातलं तर ०.८३ टक्के येतं. फरशी पुसायला एवढा फरक चालून जाईल, हे मान्य.

गरम पाण्याने हायपो "कडक" होत नाही, उलट लवकर विघटन पावतं.

"जुनं असेल तर दुप्पट टाका." जुनं हायपो कमजोर होतं, हे खरं. ऊन लागलं तर आणखी लवकर. पण किती कमजोर झालं ते न मोजता दुप्पट करायचं कशाच्या भरवशावर? कॅनवरची तारीख बघा, नवा आणा.

शिवाय महापालिकेचं पाणी क्लोरीन घालूनच येतं. वरून घालायची वेळ आलीच, तर लिटरला २ मिलिग्रॅम धरा. वीस हजार लिटरला ४० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ५ टक्के हायपो ८०० मिली. वीस लिटर नव्हे!

त्या संध्याकाळी टाकी रिकामी करून दोनदा धुतली. आज ओटीचा रंग फिकट पिवळा आला. ८०० मिलीचा हिशोब कागदावर करून सेक्रेटरीकाकांना दिलाय, तो पंपरूमच्या दारावर चिकटवलाय. मेसेज मात्र ग्रुपवर तसाच आहे. ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी आज डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना फोन करून विचारा, टाकीत किती ओतलंत?