सही बोटानेच केली होती

ताई सुट्टीत मुलींना घेऊन नागपूरहून आली होती तेव्हाची गोष्ट. आमच्याकडच्या एका मॉलच्या वरच्या मजल्यावर ट्रॅम्पोलिन पार्क आहे, नाव सांगत नाही. तासाला माणशी साडेसहाशे, शिवाय रबरी ठिपक्यांचे मोजे ऐंशी रुपयांचे वेगळे, घरचे चालत नाहीत. काउंटरवरच्या मुलीने टॅब पुढे केला. "सर, फक्त इथे साइन करा." मागे वीसेक माणसांची रांग, दोन्ही भाच्या अनवाणी नाचतायत. मी बोटाने काहीतरी गिरवलं. ती सही माझ्या बँकेने जन्मात पास केली नसती.

पंचवीस मिनिटांत धाकटीचं मनगट मोडलं. दोन ट्रॅम्पोलिनच्या मधल्या पट्टीवरची गादी सरकली होती, तिथे तिचा पाय अडकला आणि ती हातावर पडली. मॅनेजर धावत आला. एका हातात बर्फाची पिशवी, दुसऱ्या हातात तोच टॅब. "सर, तुम्ही फॉर्म भरलाय ना, त्यात सगळं लिहिलेलं आहे." बोलणं इतकं अदबीचं की मला भांडताही येईना. ताई म्हणाली, "जाऊ दे रे, नस्ती कटकट." आणि आम्ही जाऊ दिलं. सरकलेल्या गादीचा साधा फोटोसुद्धा मी काढला नाही.

नंतर मित्रांच्या ग्रुपवर हे सांगितलं तर ठरलेलं उत्तर आलं: "अमेरिकेत असतास तर करोडपती झाला असतास. तिथे कॉफी सांडली तरी केस करतात." मॅकडोनाल्ड्सची गरम कॉफी अंगावर सांडली म्हणून केस करणाऱ्या त्या आजींना थर्ड डिग्री भाजलं होतं आणि त्यांनी सुरुवातीला फक्त उपचाराच्या खर्चापुरते वीस हजार डॉलर मागितले होते, हे कुणी सांगत नाही. असो. पण त्या चिडीने मी तिकडचे खटले वाचायला घेतले, आणि पहिलाच माझ्या बोटाच्या सहीशी नातं सांगणारा निघाला.

ऑक्टोबर २०२३. फ्लोरिडात डिस्नेच्या डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारसंकुलातल्या एका रेस्टॉरंटात न्यूयॉर्कची एक डॉक्टर नवऱ्याबरोबर जेवली. तिला दूध आणि नट्सची तीव्र अ‍ॅलर्जी होती. नवऱ्याच्या म्हणण्यानुसार वेटरला हे पुन्हा पुन्हा विचारून घेतलं होतं. त्याच रात्री ती गेली. नवऱ्याने दावा लावला, पन्नास हजार डॉलरच्या वरचा. डिस्नेच्या वकिलांनी कोर्टात काय सांगावं? या गृहस्थांनी २०१९ मध्ये डिस्ने प्लसची महिनाभराची ट्रायल घेतली होती, तेव्हा अटी मान्य केल्या होत्या, त्या अटींत वाद लवादाकडे न्यायचं कलम आहे, सबब ज्यूरीपुढे जाता येणार नाही. बायको जेवणातून गेली आणि उत्तर काय, तर तुम्ही चार वर्षांपूर्वी कार्टून बघायला खातं उघडलं होतं! पुढे पार्कची तिकिटं काढताना मान्य केलेल्या अटीही त्यांनी पुढे केल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये हे बाहेर आलं, लोकांनी इतकी छी-थू केली की कंपनीने अर्ज मागे घेतला. मला यात सगळ्यात भयंकर वाटला तो वकिलांचा शांतपणा. आमच्या मॅनेजरसारखाच.

दुसरा खटला ऑर्लँडोचा. आयकॉन पार्कमध्ये सव्वाचारशे फुटांहून उंच ड्रॉप टॉवर होता, म्हणजे माणसांना वर नेऊन एकदम खाली सोडणारी राइड. मार्च २०२२ मध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा त्याच्या सीटमधून निसटून खाली पडला आणि मेला. त्याचं वजन राइडच्या मर्यादेपेक्षा बरंच जास्त होतं, तरी त्याला बसवलं. बसवता आलं, कारण त्या सीटचा सेन्सर हाताने फिरवून ठेवला होता. खांद्यावरून येणारा दांडा आणि सीट यांच्यात मोठी फट राहिली तरी हिरवा दिवा लागावा म्हणून. सीट बेल्ट नव्हतेच. कुटुंबाच्या वकिलांनी हिशेब मांडला: एक बेल्ट बावीस डॉलर, तीस सीटचे मिळून सहाशे साठ.

चालक कंपनी आणि पार्कने आधीच तडजोड केली. राइड बनवणारी ऑस्ट्रियाची कंपनी कोर्टात फिरकलीच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ज्यूरीने तिच्यावर ३१ कोटी डॉलर लावले. आता वसुली परदेशात करायची, म्हणजे आणखी एक लढाई. करोडपती होणं म्हणतात ते हे. पण तो टॉवर २०२३ मध्ये उतरवला गेला आणि फ्लोरिडाने तपासणीचा कायदा कडक केला. (फ्लोरिडात राइडची तपासणी शेतकी खात्याकडे आहे. आणि हजारावर कामगार असलेल्या बड्या पार्कांना तीही माफ, ते आपली तपासणी आपणच करतात. वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.)

कॅलिफोर्नियात मात्र २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फार मोलाची गोष्ट सांगून ठेवली आहे. हनिमूनला आलेली एक स्पॅनिश तरुणी डिस्नेलँडच्या एका राइडनंतर मेंदूत रक्तस्राव होऊन वारली. प्रश्न असा आला की राइडवर बसलेला माणूस कायद्याने कोण? डिस्नेचं म्हणणं, तो मजा करायला येतो, कुठे जायला नाही. कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की तो प्रवासीच. बसवाल्याने, रेल्वेने जितकी पराकाष्ठेची काळजी घ्यायची, तितकीच पाळणेवाल्याने घ्यायची. जत्रेत पाळण्यात बसताना आपण दांडा हाताने ओढून बघतो ना, ती काळजी खरं तर पाळणेवाल्याची.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे अटक होते. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेमझोनला आग लागली, सत्तावीस माणसं गेली. अग्निशमनाची एनओसी नाही, सुट्टीच्या गर्दीसाठी तिकीट नव्व्याण्णव रुपये. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये पंचवीस. मालक थायलंडला गेले, तिथून धरून आणले. टीव्हीवर बेड्या दिसल्या की आपल्याला न्याय झाल्यासारखं वाटतं. सरकार चार-पाच लाख जाहीर करतं, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. कंपनीच्या खिशातून किती गेले, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही. गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी, पण मोडलेल्या मनगटासाठी कुणी तुरुंगात जात नाही. तिथे फक्त पैसेच बोलतात.

पैशांचं बोलायचं तर उपहार चित्रपटगृहाची आग. १९९७, दिल्ली, एकोणसाठ मृत्यू. बाल्कनीत खुर्च्या वाढवून वाटा अडवल्या होत्या. उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरच्या मृतांसाठी अठरा लाख आणि लहानांसाठी पंधरा लाख ठरवले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दहा आणि साडेसातवर आणले. बाल्कनीचं तिकीट काढलं म्हणजे उत्पन्न चांगलं असणारच, असं धरता येत नाही, हे एक कारण. जबर दंड अडीच कोटींचा होता, तो पंचवीस लाख झाला. म्हणजे इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर आईबापांनी ऐकलं काय, तर आपल्या पोरांच्या तिकिटाच्या दराची चर्चा.

अमेरिकेत अशा केसमध्ये वकील आधी फी घेत नाही, भरपाईतला साधारण तिसरा हिस्सा घेतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमाने असा हिस्सा घेता येत नाही. म्हणून दीड-दोन लाखांच्या दाव्याला कुणी वकील उभा राहत नाही आणि "जाऊ दे" ही आपली राष्ट्रीय भूमिका होऊन बसते.

पण ग्राहक आयोग आहे, आणि हे मलाही उशिरा कळलं. २०१९ च्या कायद्यात अधिकारक्षेत्र तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरतं. साडेसहाशेचं तिकीट म्हणजे जिल्हा आयोग, भरपाई कितीही मागा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे ताईला नागपुरात. ग्राहकावर लादलेल्या अन्यायकारक करारालाही त्या कायद्यात आव्हान देता येतं, पण ते राज्य आयोगापुढे, म्हणजे माझ्या गिरगोट्याचं तिथे काय व्हायचं ते होईल. मुदत दोन वर्षं.

परवा ताईला फोन केला. एक्स-रे, हॉस्पिटलची बिलं, मोज्यांची पावतीसुद्धा तिने एका कॅरीबॅगमध्ये जपून ठेवली आहे, नस्ती कटकट म्हणणारी बाई! फोटो मात्र नाही म्हणाली. मागून थोरलीचा आवाज आला, "मामा, माझ्याकडे रील आहे." धाकटी पडायच्या आधी ती स्वतःच्या उड्या शूट करत होती. तिने क्लिप पाठवली. अकरा सेकंदांची. सातव्या सेकंदाला तिच्या मागे ती गादी दिसते, हातभर सरकलेली, आणि शेजारी पार्कचा टी-शर्ट घातलेला एक मुलगा. मोबाइल बघत उभा.