मागच्या बाजूने भोक: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, सप्रेम नमस्कार.

उंबरातल्या किड्यांवरच्या माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. उत्तराला आठवडा लागला, कारण आपला एक मुद्दा मला घरच्या गव्हात पुन्हा पाहायचा होता. बाकीच्या वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. आपली 40 वर्षं इंदूरच्या छावणीतल्या धान्यमंडीत गेली. गव्हाला लागलेले सोंडे आपण जन्मभर पाहिले आणि कीटक भोक पाडतो ते तोंडाने, हा आपला अनुभव. त्यामुळे ‘केसाएवढ्या नळीने मादी कच्चं उंबर बाहेरून भोसकते’ हे माझं वाक्य आपल्याला थोतांड वाटलं. उंबरात किडे आपोआप होतात, मागच्या बाजूने भोक पाडणारा किडा असेल तर दाखव, असं आपण म्हणता. गांधीलमाशीची नांगी मूळची अंडी घालायची नळी आहे, हेही आपल्याला उलटं वाटतं. शिवाय औदुंबराखाली दत्ताच्या पादुका असतात, त्याच्याबद्दल असलं किळसवाणं लिहू नये, हा शेवटचा आक्षेप.

सोंड्यांच्या बाबतीत आपलं बरोबर आहे आणि माझं चुकलं. ‘प्रत्येक मादी कीटकाला भोसकणारी नळी असते’ असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी काढलं आहे. सोंड्याची मादी खरोखरच सोंडेच्या टोकाच्या जबड्यांनी दाणा कोरते, मग मागे वळते, त्या खळग्यात एक अंडं ठेवते आणि वरून चिकट स्राव लावून तोंड बंद करते. तिच्या पोटाची नळी मऊ असते, तिला गहू कोरता येत नाही. ते काम सोंड करते.

पण काका, गव्हाला आपण जे गोल भोक पाहता ते अंड्याचं नव्हे. अंड्याची जागा बुजवलेली असते, साध्या डोळ्यांना ती सापडत नाही. दिसतं ते आतला दाणा खाऊन मोठा झालेला सोंडा बाहेर पडतानाचं भोक. डब्यातला मूठभर गहू मी पाण्यात टाकला. तरंगलेल्या दाण्यांपैकी चार दाणे वरून अगदी धड होते. ब्लेडने कापले तर दोघांत पांढरी, बिनपायांची अळी गुंडाळून बसलेली.

सोयाबीनवरच्या चक्री भुंग्याचंही तसंच. आपल्या माळव्यात तो कोणाला ठाऊक नाही? मादी जबड्यांनी देठावर वर-खाली दोन कडी कोरते आणि खालच्या कड्याच्या जरा वर अंडं घालते. कड्यामुळे वरचा भाग सुकतो. तिथेही भोक तोंडानेच.

आता मागच्या बाजूने भोक पाडणारा किडा. तो आपण लहानपणापासून पाहिला आहे: नाकतोडा. पावसाळा सरताना कुंपणाच्या कडेला एखादी मादी पोट जमिनीत खुपसून निश्चल बसलेली दिसते. हात जवळ नेला तरी ती चटकन उडत नाही. तिच्या पोटाच्या टोकाला कडक, वाकड्या पात्यांच्या दोन जोड्या असतात. ती माती उकरत नाही. पाती मिटून आत घालते, मग उघडते, म्हणजे माती आजूबाजूला दाबली जाते आणि पोट थोडं खाली सरकतं. पुन्हा मिटते, पुन्हा उघडते. पोटाच्या कड्यांमधली पातळ कातडी ताणत जाते आणि पोट एरवीच्या दुपटीहून लांब होतं. तळाशी फेसात गुंडाळलेली अंडी आणि वर फेसाचंच बूच. 2020च्या मे महिन्यात माळव्यात टोळधाड आली, तेव्हा थाळ्या वाजवून आपण जे टोळ हाकलले, त्यांच्या माद्यांकडेही हेच हत्यार.

या अवयवाला मराठीत अंडनिक्षेपक म्हणतात. मी नळीच म्हणतो. पोटाच्या आठव्या आणि नवव्या खंडाच्या उपांगांपासून ती बनते. नाकतोड्यात तिची फावडी झाली, उंबरावरच्या माशीत सुई.

ती सुई मी पाहिली आहे. आमच्या रामबागेत गल्लीच्या तोंडाशी उंबराचं जुनं झाड आहे. फळं खोडालाच लगडतात, त्यामुळे शिडी लागत नाही. भिंग डोळ्याला लावायचं आणि उभं राहायचं. एका कच्च्या, हिरव्या फळावर मुंगीहून लहान माशी फिरत होती. मागे शेपटीसारखा केस, तिच्या अंगाहूनही लांब. मिशांनी सालीवर ठिकठिकाणी चाचपून ती एका जागी थांबली, पाय ताणून उंच झाली, पोट उचललं आणि तो केस सालीवर उभा रोवला. मग दहा-बारा मिनिटं पाहणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं. फक्त केसाची उंची कमी होत जाते आणि शेवटी तिचं पोट सालीला टेकतं.

एवढा बारीक केस वाकत कसा नाही? कारण ती ठोकत नाही. नळी तीन पात्यांची असते, खाचेत बसून एकमेकांवरून सरकणारी. एक पातं दातांनी आत धरून राहतं, त्याच्या आधाराने दुसरं पुढे जातं, मग ते धरतं आणि पहिलं सरकतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014मध्ये अशाच उंबरमाशीच्या नळीचं टोक तपासलं, तर तिथे दात होते आणि त्यांत जस्त. अंडंही लवचीक असतं. नळीतून जाताना ते ताणून बारीक होतं आणि आत पोचल्यावर पुन्हा फुगतं.

‘आपोआप होतात’ असं वाटणारे आपण एकटे नाही. सडक्या मांसात अळ्या आपोआप होत नाहीत, त्या माश्यांच्या अंड्यांतून येतात, हे 1668मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेदीने दाखवलं. झाडांवरच्या गाठींतले किडे मात्र झाडच जन्माला घालतं, असं त्यालाही वाटायचं. तेही मादीने घातलेल्या अंड्यांतूनच येतात हे इटलीतल्याच मालपिगी या शास्त्रज्ञाने 1679मध्ये मांडलं. साल बाहेरून धड, किडा आत, मग रेदीसारख्याची फसगत झाली यात नवल नाही.

नांगीचं सोपं उत्तर असं, की नर मधमाशीला नांगी नसतेच. नांगी मूळची शस्त्र असती तर नरालाही मिळाली असती. कामकरी मधमाशीच्या नांगीतही तीच तीन पाती, तशीच खाचेत सरकणारी. तिथे अंडं आता नळीतून जात नाही. राणी अंडं घालते ते नांगीच्या मुळाशी असलेल्या तोंडातून, आणि नळी विषासाठी मोकळी झाली. डास चावतो ते मात्र तोंडाने, तिथे आपलं म्हणणं लागू पडतं.

राहिली किळस. यावर मी आठवडाभर विचार केला, कारण माझ्या आजीनेही याच औदुंबराला प्रदक्षिणा घातल्या आहेत. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. परागकण आत नेणारी माशी सुईवालीहून वेगळी, ती फळाच्या टोकाच्या बारीक डोळ्यातून घुसते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तुटतात. काही फुलांत ती अंडी घालते, बाकीच्या फुलांवर पराग टाकते आणि तिथेच मरते. तिची नळी आखूड, तिला जस्त लागत नाही, कारण ती आतून मऊ फुलात उतरते. पिढी तयार झाली की बिनपंखी नर आधी आपापल्या फुलांतून बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात आणि सालीला वाट कोरून देतात. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात, नर त्याच फळात संपतात. आजी ज्यांना केंबरं म्हणायची ती हीच. ती नसती तर उंबरात बी धरलं नसतं आणि पादुकांवर सावली धरणारं झाडही उगवलं नसतं. मला हे सांगण्यात झाडाचा अवमान दिसत नाही, म्हणून तो भाग लेखात ठेवतो आहे.

आमच्या झाडाला सध्या हिरवी, सुपारीएवढी फळं आहेत. सकाळी ऊन खोडावर येतं तेव्हा माश्या दिसतात. रविवारी आलात तर भिंग मी आणतो. आपण थोडा किडका गहू घेऊन या, ते दाणे आपण दोघं मिळून कापून पाहू.