‘रोखठोक’ यांच्या कमेंटला उत्तर : मिरची चोळा असं मी कुठेही लिहिलेलं नाही

कॅप्सेसिन (मिरचीला तिखट करणारं द्रव्य) घातलेल्या, दुखऱ्या जागी लावायच्या क्रीमबद्दलच्या माझ्या पोस्टवर परवा रात्री ‘रोखठोक’ या नावाने एक कमेंट आली. खालीच दोन ओळीत उत्तर देणार होते, पण लिहायला बसले आणि लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कमेंट जशीच्या तशी (सोबत त्यांनी अमेरिकेतल्या भाजण्याबद्दल एक लिंकही दिली होती) :

“ताई, तुम्ही डॉक्टर आहात का? डॉक्टर नसताना लोकांना अंगाला मिरची चोळायला सांगणं म्हणजे गुन्हा आहे. वडिलांच्या आजारपणाचं भांडवल करून व्ह्यूज मिळवायचे धंदे बंद करा. माझ्या आईने तुमचं वाचून गुडघ्याला लावलं, रात्रभर रडत होती. अमेरिकेत अशा क्रीमने लोक भाजलेत ते नाही लिहिलं. हाताच्या बोटांना लावणाऱ्यांनी हात कसे धुवायचे तेही नाही. शुगरवाल्यांचं काय? त्यापेक्षा आमच्या आजीचा लेप बरा.”

आधी एक मान्य करते. हाताच्या बोटांचं राहिलं होतं, ते तुमचं बरोबर आहे. मी ‘लावून झाल्यावर लगेच हात साबणाने धुवा’ एवढंच लिहिलं होतं आणि ज्याची बोटंच दुखतायत त्याने लगेच हात धुतले तर औषधही गेलं. त्यांनी अर्धा तास ठेवून मग धुवायचे, आणि त्या अर्ध्या तासात डोळे, नाक, तोंड, कॉन्टॅक्ट लेन्स, कशालाही हात लावायचा नाही. हे पोस्टमध्ये आज घातलंय. खरं तर अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2019 च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गुडघ्यासाठी हे औषध वापरायला हरकत नाही म्हटलंय आणि हाताच्या सांध्यांसाठी मात्र शक्यतो नको म्हटलंय, त्याच्या कारणांमध्ये हात डोळ्याला लागण्याची भीती हेही एक आहे. तेव्हा बोटांना शक्यतो नकोच. झालं, हे तुमचं घेतलं.

आता ते वाक्य. “अंगाला मिरची चोळायला सांगणं.”

साहेब, माझी पोस्ट उघडा, ‘चोळा’ हा शब्द शोधा आणि मिरचीच्या शेजारी कुठे सापडला तर मला स्क्रीनशॉट पाठवा. मी क्रीमबद्दल लिहिलंय. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या, ट्यूबवर टक्केवारी छापलेल्या क्रीमबद्दल. 0.025 टक्के म्हणजे 100 ग्रॅम क्रीममध्ये 25 मिलिग्रॅम कॅप्सेसिन, 30 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये साडेसात मिलिग्रॅम. तेवढंच, मोजून घातलेलं, प्रत्येक ट्यूबमध्ये तेच. आणि मिरचीत किती असतं? ब्याडगी घेतली तर रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, लवंगी घेतली तर एक चावली तरी कान गरम. एकाच रोपाच्या दोन तोड्यांतसुद्धा फरक पडतो, पाणी कमी पडलं की तिखटपणा बदलतो. बिया तिखट असतात असं आपण म्हणतो, पण कॅप्सेसिन तयार होतं ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या शिरेत. मग आजीच्या त्या मिरचीच्या लेपात शीर किती गेली, कुठली मिरची होती, किती वेळ तेलात उकळली, हे कोण मोजणार? तुम्ही मला ज्या गोष्टीचा दोष देताय ती तुमच्या शेवटच्या वाक्यातल्या लेपाची आहे, माझ्या पोस्टची नाही. हे वाचूनसुद्धा तुम्हाला आजीचा लेप बरा वाटत असेल तर माझं बोलणं खुंटलं.

आणि मिरचीने अंगाची काय गत होते हे मला कोणी सांगायची गरज नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये वर्षाचं तिखट व्हायचं. पाच-सहा किलो मिरच्यांची देठं खुडायला आई, काकू आणि मी पोरगी, पडवीत गोणपाट टाकून बसायचो आणि मग डंकावर कुटून आणायचं. संध्याकाळी हातांची अशी भगभग व्हायची की काकू रात्री हात गार फरशीवर पालथे ठेवून झोपायची. पाण्यात हात घातला की तेवढ्यापुरतं बरं, बाहेर काढला की पुन्हा तेच. शेवटी आई गोडेतेल चोळायची, मग साबण, मग परत तेल. तेव्हा कळलं नव्हतं की कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून आधी तेलाने सोडवायचं आणि मग साबणाने काढायचं. क्रीम जास्त झालं आणि सहन होत नसेल तरी हेच करायचं, हे मी पोस्टमध्ये लिहिलंय. डोळ्यात गेलं तर मात्र तेलबिल काही नाही, फक्त स्वच्छ पाण्याचे भरपूर हबके, चांगली दहा-पंधरा मिनिटं, आणि तरी थांबलं नाही तर सरळ दवाखाना.

आता ‘डॉक्टर आहात का’. नाही. पोस्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की मी शाळेत शिकवते आणि औषध डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच आणा. पण ‘वडिलांचं भांडवल’ असं जे तुम्ही लिहिलंत ते मला लागलं. ते मी तसंच सोडणार नाही.

माझ्या वडिलांना 71 व्या वर्षी नागीण झाली. उजव्या बरगडीवरून पाठीपर्यंत पट्टा. फोड तीन आठवड्यांत सुकले, खपल्या पडल्या, सगळे म्हणाले सुटलात. ठणका सुटला नाही. सात महिने. तुम्ही कधी असं माणूस बघितलंय का की ज्याला सदऱ्याचं कापड टेकलं तरी कळवळायला होतं? ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे आणि डाव्या हाताच्या चिमटीत बंडी धरून अंगापासून लांब ताणून ठेवायचे. जेवतानाही. उजव्या हाताने घास आणि डाव्या हातात बंडी. त्या बंडीची उजवी बाजू पार सैल होऊन लोंबायला लागली होती, ती बंडी अजून माझ्या कपाटात आहे. पंख्याचा वारा लागला तरी आग, म्हणून मे महिन्यात पंखा बंद.

एका डॉक्टरांनी 0.075 टक्क्याचं क्रीम लिहून दिलं. मेडिकलवाल्याने पिशवीत घालताना ‘दिवसातून तीन वेळा लावा’ एवढंच सांगितलं. आईने उघड्या बोटांनी लावलं, पदराने तोंड पुसलं आणि तिचे डोळे सुजले. सकाळी बाबांनी सवयीप्रमाणे कडक पाण्याने आंघोळ केली. बाथरूममधून त्यांचा जो आवाज आला तो मी विसरणं शक्य नाही. आणि ट्यूब गेली कपाटात, दोन महिने. त्या दोन महिन्यांत ते बंडी धरून बसले होते, औषध कपाटात असताना!

दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून सांगितलं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांना टीआरपीव्ही 1 नावाचा एक दरवाजा असतो, 43 अंशांच्या वर उष्णता गेली की तो उघडतो आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप जातो. कॅप्सेसिन तोच दरवाजा उघडतं. कातडी भाजलेली नसते, पण निरोप तोच जातो. हा दरवाजा 1997 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडला आणि सापडला तो कॅप्सेसिनच्याच मदतीने, त्यांना 2021 चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. आता पुढचं महत्त्वाचं. तोच दरवाजा रोज तीन-चार वेळा उघडत राहिला की ते टोक हळूहळू थकतं, निरोप पाठवायचं कमी करतं, आणि मूळ ठणक्याचाही निरोप कमी जातो. पण त्यासाठी नेमाने लावावं लागतं. आठवडा-दोन आठवडे, कधी चार. एक दिवस लावलं, दोन दिवस सोडलं, मग पुन्हा लावलं, असं केलं की ते टोक थकतच नाही आणि आग मात्र दर वेळी नव्याने. सुरुवातीची जळजळ म्हणजे औषध चुकलं असं नाही. आणि अंग गरम असलं की तो दरवाजा आणखी लवकर उघडतो, म्हणून लावायच्या आधी तासभर आणि नंतर तासभर गरम पाणी नाही, शेक नाही, हॉट वॉटर बॅग नाही, वरून पट्टी आवळायची नाही, फुटलेल्या किंवा ओल्या कातडीला तर लावायचंच नाही.

बाबांनी पुन्हा सुरू केलं. हरभऱ्याएवढं क्रीम, आईच्या हाताला प्लास्टिकची पिशवी, पूर्ण जिरेपर्यंत पसरायचं, नाहीतर सुकलेला थर उडून ठसका लागतो. आंघोळ कोमट पाण्याने आणि लावायच्या बऱ्याच आधी. पहिले पाच दिवस वाईट गेले, लपवत नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते बटणं लावलेला सदरा घालून पेपर आणायला चौकात गेले. ठणका पूर्ण गेला नाही, पण डावा हात मोकळा झाला. हे सांगणं म्हणजे भांडवल? मग हो, करते मी भांडवल, कारण ही दोन मिनिटांची माहिती त्या पहिल्या दिवशी कोणी दिली असती तर त्या माणसाचे दोन महिने वाचले असते. व्ह्यूजचं म्हणाल तर या ब्लॉगवर जाहिरात नाही, एक रुपया येत नाही, तुम्हाला ते दिसायला हवं होतं.

अमेरिकेतलं भाजणं. सप्टेंबर 2012 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने दुखण्यावर वरून लावायच्या क्रीम-पट्ट्यांबद्दल इशारा दिला होता, 43 केसेस होत्या, आणि त्यातल्या बहुतेक मेन्थॉल किंवा मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट (ही दोन्ही बाममध्ये असणारी द्रव्यं) असलेल्या औषधांच्या होत्या. कॅप्सेसिनच्या त्यात अगदी थोड्या. लिंक पाठवण्याआधी आतलं वाचायचं असतं. आणि तुमच्या लिंकमध्ये जी आठ टक्क्यांची पट्टी आहे ती घरी लावायची वस्तूच नाही, ती दवाखान्यात, नायट्राइलचे (एक प्रकारच्या कृत्रिम रबराचे) ग्लोव्हज घालून, नागिणीच्या ठणक्यासाठी एक तास लावून काढतात आणि पुढची तीन महिन्यांनी. आठ टक्के म्हणजे आपल्या गुडघ्याच्या 0.025 टक्क्यांच्या क्रीमच्या 320 पट. या दोन्हींना एका मापाने मोजून तुम्ही मला गुन्हेगार ठरवलंत.

शुगरवाल्यांचं पोस्टमध्ये होतं, तिसऱ्या परिच्छेदात. पायाला बधिरपणा असेल, जखम असेल, तर डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय काही लावू नका. न वाचता विचारलेल्या प्रश्नाला यापेक्षा जास्त उत्तर देणार नाही.

राहिल्या तुमच्या आई. त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटलं, आणि हे तुम्ही सगळ्यात आधी आणि सरळ शब्दांत लिहिलं असतंत तर मी त्याच रात्री उत्तर दिलं असतं. त्यांनी किती लावलं होतं? डॉक्टरांना विचारून आणलं होतं का? संध्याकाळी पाय शेकले होते का, गुडघ्याला नी-कॅप होती का, त्याच दिवशी दुसरा कुठला बाम लावला होता का? हे विचारून मला कळवा. आत्ता नुसती आग असेल तर आधी गोडेतेलाने पुसून घ्या, मग साबण आणि गार पाणी, आणि आजचा दिवस शेक बंद. कातडीवर फोड आले असतील किंवा कातडी सोलवटली असेल तर क्रीम पूर्ण बंद करा आणि आजच्या आज त्यांना दाखवून आणा, ट्यूब सोबत न्या.