भाजीच्या ट्रेला चॅनल का नसतो?

गेल्या महिन्यात आईने फ्रिजचा भाजीचा ट्रे फोडला. आई म्हणते, तिने फोडला नाही, तो फुटला. वीस वर्षं किचन ट्रॉलीच्या धंद्यात असलेला माणूस म्हणून सांगतो, तिचंच बरोबर आहे.

आमचा फ्रिज ओट्याच्या टोकाला, उजवीकडे भिंतीला खेटून उभा आहे. पुण्यातल्या वन बीएचके-टू बीएचकेत तो दुसरा कुठे उभा राहणार? दार काटकोनात उघडलं की हँडल भिंतीला टेकतं. एवढ्या उघड्या दारातून भाजीचा ट्रे सरळ बाहेर येत नाही, दाराच्या खालच्या बाटल्यांच्या कप्प्याला अडतो. मग तो थोडा उचलायचा, डावीकडे तिरका करायचा आणि हिसका द्यायचा. हे आमच्या घरात सगळ्यांना जमतं, इतकं की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नव्हतं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. उकिडवं बसायला बंदी. ती प्लास्टिकची खुर्ची ओढते, तिच्यावर बसते, पुढे वाकते आणि एका हाताने ट्रे ओढते, कारण दुसऱ्या हाताने तिने खुर्ची धरलेली असते. त्या दिवशी हिसका जरा जास्त बसला. ट्रे खाचेतून सुटला आणि दुधी, कोबी, टोमॅटोसकट फरशीवर आला. कोपरा गेला.

"एका कोथिंबिरीच्या काडीसाठी एवढं रामायण," आई म्हणाली.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. मॉडेल बंद झालंय, ट्रे येत नाही. फ्रिज सहा वर्षांचा आहे, कंप्रेसर ठणठणीत आहे, त्याची वॉरंटीसुद्धा अजून शिल्लक आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचं, पोर्टल काढलं, त्यात घरगुती उपकरणंही आहेत. चांगली गोष्ट. पण दुरुस्ती म्हटलं की सगळ्यांना कंप्रेसर, गॅस, थर्मोस्टॅट आठवतात. रोज दहा वेळा हाताळून फुटतो तो ट्रे, किंवा फ्रीझरचं ते पातळ झाकण. हे ट्रे बहुतेक पॉलिस्टायरिनचे असतात. काचेसारखं स्वच्छ दिसतं, शोरूममध्ये दिव्याखाली चमकतं, आणि काचेसारखंच तडकतं. दुधाळ रंगाचा, थोडा लवचिक पॉलिप्रॉपिलीनचा ट्रे पडला तर नुसता आवाज करील. पण तो शोरूममध्ये चमकत नाही.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. माझ्याकडे नवीन लग्न झालेलं जोडपं येतं, बजेट बेताचं. मी त्यांना सांगतो की ट्रॉलीचं बास्केट साधं घ्या, शटरचा लॅमिनेट साधा घ्या, पण चॅनलमध्ये, म्हणजे ट्रॉली ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांच्यात, कंजुषी करू नका. साधा बॉल बेअरिंगचा टेलिस्कोपिक चॅनल पूर्ण बाहेर येतो. साधारण ४५ किलो वजनासाठी बनवलेला असतो. म्हणजे पितळेची पातेली भरलेली ट्रॉली सुद्धा एका बोटाने सरकते आणि मागच्या कोपऱ्यातली वाटी वाकल्याशिवाय दिसते. जोडीची किंमत काही शे रुपये. आणि त्याच स्वयंपाकघरात तीस-चाळीस हजारांचा फ्रिज उभा असतो, त्यातला ट्रे प्लास्टिकच्या खाचेवर घासत निम्माच बाहेर येतो. उरलेल्या निम्म्यात आपण हात घालून चाचपडतो. मागे सापडतं ते काय? महिन्यापूर्वीचं आलं, मऊ पडलेली काकडी आणि एक मिरची, जी आता मिरची राहिलेली नाही.

फ्रिजच्या ट्रेला असा चॅनल का नाही, हा प्रश्न मी माझ्या एका सप्लायरला विचारला. त्याने जे सांगितलं त्यात तथ्य आहे, म्हणून लिहितो. साइड चॅनल बसवायला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जागा लागते. म्हणजे ट्रेची रुंदी एक इंचाने गेली. फ्रिज विकला जातो लिटरवर, आणि कागदावरचा एक लिटर सुद्धा कुणी सोडत नाही. शिवाय आत सतत दमटपणा. साधा चॅनल गंजतो, ग्रीस थंडीत घट्ट होतं, त्यात दुधाचा ओघळ गेला तर साफ करणार कोण? स्टेनलेस स्टीलचे किंवा प्लास्टिकच्या चाकांचे उपाय आहेत, महागड्या मोठ्या फ्रिजमध्ये ते वापरतातही. आपल्या बजेटात ते उतरत नाहीत, कारण आपण ते मागत नाही. आपण विचारतो, किती लिटर आणि किती स्टार. बीईई या वीजबचतीच्या सरकारी संस्थेची स्टार लेबलं २००६ पासून आहेत आणि त्यांनी विजेच्या बिलाबाबत आपल्याला शहाणं केलं, हे मान्यच. पण स्टार वीज मोजतो. ट्रे ओढताना कंबर किती वाकते याचा स्टार नसतो.

मुळात भाजी तळाला का, हा खरा प्रश्न. मला आधी वाटायचं की उरलेली जागा भाजीला दिली असावी. तसं नाही. जुन्या एक दारी फ्रिजमध्ये थंडावा वरच्या बर्फाच्या कप्प्यातून खाली उतरतो. त्याच्या लगेच खाली सगळ्यात गार, म्हणून तिथे दुधाच्या पिशव्यांचा चिलर ट्रे. तळ तुलनेने कमी गार, म्हणून तिथे भाजी. वांगी, भेंडी, काकडी यांना फार थंडी सोसत नाही, डाग पडतात, पाणी सुटतं. तेव्हा भाजी खाली ठेवण्याला अर्थ होता. त्यातही मागे कंप्रेसरचा कट्टा आल्यामुळे ट्रे मागून उथळ आणि तिरका, म्हणून आपला दुधी त्यात कधीच नीट झोपत नाही. शेवग्याच्या शेंगांचं तर सोडाच.

पण आता बहुतेक दोन दारी फ्रिज फ्रॉस्ट फ्री, म्हणजे आत बर्फ न साचणारे, असतात. त्यात पंखा असतो, गार हवा डक्टमधून पाहिजे त्या कप्प्यात सोडता येते. भाजी तळालाच हवी हे बंधन तिथे उरत नाही. जपानमध्ये भाजीचा कप्पा म्हणजे स्वतंत्र बाहेर येणारा मोठा खण असतो, आणि तोशिबासारख्या कंपन्यांच्या काही फ्रिजमध्ये तो मधोमध, कमरेच्या उंचीवर असतो. फ्रीझर खाली. हिशेब सरळ आहे. जे दिवसातून दहा वेळा लागतं ते कमरेपाशी, जे आठवड्यातून दोनदा लागतं ते खाली. मी ट्रॉल्या लावताना हेच करतो. कटलरी वर, रोजची ताटं-वाट्या मध्ये, कुकर आणि कढया तळाला. इडलीपात्र खाली गेलं म्हणून कुणी तक्रार केलेली मला आठवत नाही.

आपल्याकडे एक दारी फ्रिजखाली स्टँडमध्ये कांदे-बटाट्यांचा ड्रॉवर देतात. ही कल्पना कुणाची माहीत नाही, पण त्या माणसाने नक्की कधीतरी भारतीय घर पाहिलं होतं. फ्रिजच्या बाहेर, कोरडा, वारा लागणारा खण. उंचीची बोंब तिथेही आहेच, जवळजवळ फरशीला टेकलेला. पण निदान आमच्या घरात काय असतं याचा विचार झाला. नाहीतर अंड्यांचा ट्रे बघा. आमच्या शेजारच्या काकूंच्या शाकाहारी घरात त्या खळग्यांमध्ये लिंबं, आयड्रॉपची बाटली, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि एक जुना सेल बसलेला मी पाहिलाय. अर्धा लिटरच्या दुधाच्या पिशवीला मात्र धड जागा नाही. ती आडवी ठेवली तर लोळते, उभी ठेवली तर बसते, आणि दारात ठेवावी तर दारात सगळ्यात जास्त ऊब.

असो. ट्रे फुटल्यावर मी म्हटलं, आपण कारागीर माणसं, आपणच करू. भाजी मधल्या काचेवर आणायची आणि तळात नारळ, कोबी, शेंगदाणे, रवा, वर्षाच्या मसाल्याची बरणी असं कधीतरी लागणारं ढकलायचं ठरलं. बाजारातून दोन लांबट प्लास्टिकचे ट्रे आणले, पुढे पकड असलेले. आई खूश. उभ्या उभ्या ट्रे ओढला, मिरची घेतली, ढकलला.

तिसऱ्या दिवशी मेथी वाळली. फ्रॉस्ट फ्रीचा पंखा उघड्या भाजीतलं पाणी ओढून घेतो, हे मला वाचून माहीत होतं, पण बघून कळलं. म्हणजे झाकण पाहिजे. अॅक्रिलिकवाल्याकडून झाकण करून आणलं, मागे बिजागरी. ते वर उघडलं की वरच्या काचेला आपटायचं, हात जायला जागाच नाही. मग सरकणारं झाकण केलं. ते छान सरकायचं, पण दोन हात लागायचे, एक ट्रे धरायला, एक झाकण ढकलायला. आई म्हणाली, "अरे, माझा दुसरा हात खुर्चीवर असतो, विसरलास का?" शिवाय झाकण घट्ट असल्यामुळे आत थेंब जमले आणि आता मेथी वाळायच्या ऐवजी सडली. तळाला सुती पंचा घातला आणि कडेला चार भोकं पाडली, तेव्हा कुठे ती बरी राहायला लागली. ट्रेवर जी सरकपट्टी असते ना, जास्त दमट-कमी दमट लिहिलेली, ती नेमकं हेच करते. भोकं उघडते आणि बंद करते. पालेभाजीला बंद, फळांना उघडी. सफरचंद, पिकलेला आंबा इथिलीन वायू सोडतात, तो कोंडला तर शेजारची कोथिंबीर पिवळी पडते. आमच्याकडे ती पट्टी सहा वर्षं एकाच जागी होती. मी ती कंपनीची नक्षी समजत होतो.

मग एका रात्री फ्रिज उघडून फुटका ट्रे बघत बसलो होतो (बायको म्हणाली, वीज जातेय) आणि लक्षात आलं, कंपनीने झाकणाचा प्रश्न माझ्यापेक्षा फार हुशारीने सोडवला होता. भाजीच्या ट्रेला स्वतःचं झाकण नसतंच. वरचा काचेचा कप्पा हेच त्याचं झाकण. झाकण जागेवर राहतं, ट्रे खालून बाहेर येतो. एक हात पुरतो. काही आपटत नाही. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्याला मी माझ्या वर्कशॉपमध्ये मानाने बसवीन. मी तीन झाकणं फुकट घालवून तिथेच पोचलो. शेवटी मधल्या काचेच्या खाली दोन बाजूंना अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या लटकवल्या, त्यात ट्रेची कड अडकवली, काच म्हणजे झाकण. दाराच्या कप्प्याला अडू नये म्हणून ट्रे मुद्दाम दीड इंच अरुंद केला आणि डावीकडे सरकवून बसवला. तेवढी जागा वाया गेली. जाऊ दे.

म्हणून माझी तक्रार फ्रिज बनवणाऱ्याच्या अकलेबद्दल नाही. अक्कल भरपूर आहे. ती गारवा, दमटपणा, लिटर आणि वीज यांच्यावर खर्च झाली. ओढणाऱ्या हातापर्यंत आली नाही. अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात लिलियन गिलब्रेथ नावाची इंजिनिअर बाई होऊन गेली. तिने हजारो बायकांशी बोलून ओटा आणि सिंकची सोयीची उंची ठरवली. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यांचं आणि पायाने उघडणाऱ्या कचरापेटीचं श्रेयही तिला देतात. आपल्याकडे गोदरेजने छोटूकूल नावाचा लहानसा फ्रिज काढला तेव्हा २००८ साली तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, शेकडो बायकांना बोलावून विचारलं होतं. तो पेटीसारखा वरून उघडणारा. गार हवा जड, ती खालीच राहते, दार उघडलं की सांडत नाही. गारव्याच्या हिशेबाने उत्तम. पण तळाचं काढायचं तर वरचं आधी बाहेर काढा. ज्या गावांसाठी तो केला तिथे तो फारसा चालला नाही, कारणं बरीच असतील. पण विचारलं तरी होतं.

तुमच्यापैकी कुणी यंदा दिवाळीत फ्रिज घेणार असाल तर शोरूममध्ये एवढं करा. दार अर्धवटच उघडा, घरी भिंतीपाशी उघडेल तेवढंच, आणि मग भाजीचा ट्रे एका हाताने ओढून बघा. ट्रेमध्ये पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या ठेवा आणि परत ओढा. सेल्समन विचित्र बघेल. बघू दे. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यालाच न्या, त्यालाच ओढायला सांगा. आणि सुट्या ट्रेची किंमत आणि तो किती वर्षं मिळेल, हे बिल करायच्या आधी विचारा. पाच गिऱ्हाइकांनी विचारलं तर मॅनेजरच्या कानावर जाईल.

आमच्याकडे आता आई उभी राहून भाजी काढते. खुर्ची परत गॅलरीत गेली. काल तिने बाजारातून शेवग्याच्या शेंगा आणल्या, माझ्या ट्रेला लावून बघितल्या, चार बोटं बाहेर. माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही, आणि सुरी घेऊन शेंगा मधोमध तोडायला बसली.