कुत्र्यांना आत प्रवेश नाही

गंपूला बरोबर नेऊ, असं मीच म्हणाले होते. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण परतीच्या वाटेवर नवऱ्याने ते मला अकरा वेळा ऐकवलं.

बेत साधा होता. तीन दिवस मोकळे होते आणि एक छोटंसं, जुनं, तटबंदीचं शहर बघायचं होतं. एका वेशीतून शिरलं की अर्ध्या तासात दुसऱ्या वेशीतून बाहेर पडावं, एवढाच त्याचा जीव. नवऱ्याने वहीत चौदा ठिकाणांची यादी केली, प्रत्येकासमोर वेळ लिहिली. गंपूच्या वाट्याला यादीत एकच ओळ आली होती, तीही सगळ्यात खाली: 'पाण्याचं भांडं'.

धर्मराजाचं बरं होतं. त्याचा कुत्रा मुकाट मागून येत होता. आमचा पुढून ओढतो.

पहिल्या सकाळी वेशीपासून चौकापर्यंतची दोनशे पावलं चालायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. वेशीत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला गुडघ्याएवढा एक दगडी खांब आहे. घोडे बांधायचा असावा, असं नवऱ्याचं मत. (नवऱ्याला कुठलाही खांब दाखवा, तो घोडे बांधायचाच असतो.) खांबाच्या वर कमानीवर माहितीची पाटी. नवरा पाटीपाशी थांबला, गंपू खांबापाशी. नवऱ्याचं वाचन आधी संपलं.

मला दुसरं काही करायला नव्हतं म्हणून मी गंपूचं नाक बघत बसले. ओलं, काळं, आणि दोन्ही नाकपुड्यांच्या कडेला स्वल्पविरामासारख्या चिरा. कुत्रा श्वास सोडतो तो या चिरांतून, बाजूला. त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही आणि वाचनात खंड पडत नाही. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे 10 ते 30 कोटी. गंपूची जात कोणती ते विचारू नका. कान एका घराण्याचे आहेत, शेपूट दुसऱ्या, आणि स्वभाव माझ्या सासरचा. पण पेशी भरपूर असाव्यात, कारण खांबाची चारही बाजूंनी खालून वर अशी पारायणं झाली. पाटीवर एका राजाचं नाव आणि एक साल होतं. खांबावर कालपासून कोण गेलं, बाई की बुवा, कुठल्या बाजूला गेलं, तब्येत कशी होती, सगळं होतं. शहराचं रोजचं वर्तमानपत्रच ते. शेवटी गंपूने पाय वर करून वाचकांच्या पत्रव्यवहारात आपली भर घातली, तेव्हा कुठे आम्ही पुढे सरकलो.

पुढे म्हणजे पहिल्या गल्लीपर्यंत. नवऱ्याच्या नकाशात शहराला दोन वेशी होत्या; गंपूच्या नकाशात सतरा. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक ठाणेदार आडवा पडलेला. एका कानाचा तुकडा गेलेला, तपकिरी रंगाचा एक म्हातारा उठला, आमच्याकडे न बघता आमच्या मागोमाग चालू लागला आणि पलीकडच्या गटारापाशी येऊन असा थांबला, जणू तिथे काच होती. गटाराच्या त्या बाजूला दुसरा उभाच होता. सामानाची देवाणघेवाण व्हावी तसं आम्हाला ताब्यात घेतलं गेलं. या सगळ्यात गंपूची शेपूट पोटाखाली, नजर आकाशात आणि चेहऱ्यावर 'मी यांच्याबरोबर नाही' असा भाव. हे 'यांच्या' म्हणजे आम्ही.

किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"कुत्रं आत चालणार नाही, साहेब."

"अहो, लहान आहे तो," नवरा म्हणाला.

"लहान असो, मोठा असो."

"शांत आहे हो एकदम," मी म्हणाले.

तेवढ्यात पहारेकऱ्याने दुसऱ्या कुणासाठी शिट्टी वाजवली. गंपूने शिट्टीला जे उत्तर दिलं, ते किल्ल्याच्या तटावरून तीनदा परत आलं. विषय संपला.

मग ठरलं की पाळीपाळीने जायचं. आधी तो, मग मी. हा तोडगा सगळेच कुत्रेवाले काढतात आणि त्यात एक खोट आहे: जो पाट्या वाचतो त्याला आधी पाठवायचं नसतं. 'वीस मिनिटांत आलो' म्हणून गेलेला माणूस दीड तासाने, डोळ्यांत सोळा तोफा घेऊन बाहेर आला. दीड तास मी दारात. येणारा-जाणारा विचारी, "चावतो का?" मी म्हणे, "नाही." मग तो थोडा हिरमुसून विचारी, "भुंकतो तरी का?" तीन कुटुंबांनी गंपूला मध्ये बसवून फोटो काढले. म्हणजे तीन अनोळखी घरांत आता किल्ला, गंपू आणि माझा कोपरापासून पुढचा हात कायमचा जमा आहे.

तोवर दुपार झाली. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, बाकी सगळी भिस्त धापांवर. आणि जुन्या शहरातली फरसबंदी दुपारी तव्यासारखी तापते. म्हणून हाताची उलटी बाजू दगडावर ठेवून सात आकडे मोजायचे. आपल्याला सोसलं तर त्याला सोसेल. मी चौकात वाकून हात टेकला आणि डोळे मिटून मोजू लागले. उघडले तर शेजारी एक आजी. त्यांनीही वाकून तिथेच हात टेकवला, मग डोळ्यांना लावला. "कुणाची जागा आहे ही?" त्यांनी हळूच विचारलं. सात आकड्यांची गोष्ट सांगायचा मला धीर झाला नाही. मी म्हणाले, "फार जुनी आहे." त्यांच्यामागे आणखी दोघं थांबली होती.

माझ्या पाळीला तिकीटखिडकी बंद झाली, हे सांगायला नकोच.

रात्री नवऱ्याने मला किल्ला तोंडी दाखवला. मी ऐकून घेतलं. मग त्याला माझी दया आली असावी, कारण तो इतिहासातले कुत्रे काढून बसला. इटलीतल्या पॉम्पेईमध्ये एका घराच्या उंबऱ्याशी साखळीतल्या काळ्या कुत्र्याचं बारीक खड्यांचं चित्र आहे, खाली लॅटिनमध्ये 'कुत्र्यापासून सावध'. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाव गेलं, पाटी राहिली. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या बॉबी नावाच्या टेरिअरला तर 1867 साली नगरप्रमुखांनी स्वतः परवाना काढून दिला. त्याच्या गळ्यातला पट्टा आज तिथल्या संग्रहालयात आहे. आणि ब्रिटनमध्ये रोमन काळातली कौलं सापडतात, त्यांतल्या काहींवर पंजे उमटलेले आहेत. भट्टीत जाण्याआधी कौलं वाळत घातलेली असताना कुणीतरी गंपू वरून चालत गेला होता. तीही संग्रहालयात, काचेखाली, दिवा लावून.

"म्हणजे कुत्र्यांना संग्रहालयात घेतात," मी म्हणाले.

"घेतात की. पण हयात नसला पाहिजे."

गंपू पलंगाखाली झोपेत पाय मारत होता.

दुसऱ्या दिवसाबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही. गंपू मनोऱ्याच्या बारा पायऱ्या आपणहून चढला आणि उतरायला नाही म्हणाला. त्याचं वजन 19 किलो आहे. पुढचं समजून घ्या.

तिसऱ्या दिवशी संग्रहालय. पहिली पाळी माझी, असं मी लिहून घेतलं होतं. दाराशी पोचलो तर 'आज साप्ताहिक सुट्टी'. मी पाटी दोनदा वाचली. नवऱ्याने त्याच्या सवयीप्रमाणे तिच्या खालची बारीक अक्षरंही वाचली. आणि साखळी माझ्या हातात असूनही कुणाच्याच हातात नव्हती.

पायरीसमोरच्या जागेत नुकतंच सिमेंट ओतून, थापीने आरसा करून ठेवलं होतं. माणसांसाठी आडवी फळी लावली होती. गंपू फळीखालून गेला. पलीकडच्या भिंतीला नाक लावून आला, तोही त्याच वाटेने. जाताना चार ठसे स्पष्ट, येताना एक जरा घसरलेला. गवंडी जेवायला गेलेला असावा. त्याचं घमेलं तेवढं होतं.

ओलं सिमेंट कातडी भाजतं. यादीतल्या शेवटच्या ओळीतलं भांडं पहिल्यांदाच कामाला आलं. मी एकेक पंजा धरून, बोटांमधली राखाडी रेघ निघेपर्यंत धुतला. नवरा फळीपाशी उभा राहून ठसे निरखत होता. मला वाटलं, आता बोलणार. त्याने वही काढली, चौदाव्याच्या खाली पंधरावं ठिकाण लिहिलं, इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाला, "चल."

तीन दिवसांत पहिल्यांदाच आम्ही तिघं एका दिशेने, एका वेगाने निघालो. ठाणेदारांनीसुद्धा अडवलं नाही. वेशीजवळच्या खांबापाशी मात्र थांबावं लागलं. आजचा अंक आला होता.