लॅमिनेट केलेले माइल्स

माझ्या ड्रॉवरमध्ये एक काळाकुट्ट, गुळगुळीत, चारी बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला तुकडा आहे. तो बोर्डिंग पास आहे, हे आता फक्त मलाच माहीत. बोर्डिंग पासवरची अक्षरं उष्णतेने उमटतात आणि लॅमिनेशनचं यंत्रही उष्णतेवरच चालतं, या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. फक्त त्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

पास लॅमिनेट करायची दुर्बुद्धी माणसाला का होते, तेही सांगतो.

मी एका विमान कंपनीच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनेचा जुना सभासद. म्हणजे जितकं उडाल तितके ‘माइल्स’ नावाचे गुण खात्यात, आणि पुरेसे साठले की त्यांवर फुकट तिकीट. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ काढली, तिच्यामागोमाग इतरांनीही आपापल्या योजना आणल्या आणि माणसं पोहोचण्यापेक्षा माइल्ससाठी उडू लागली. पुढे कंपन्यांनी आपसांत सोयरिकी जुळवल्या. १९९७ मध्ये पाच जणींनी मिळून स्टार अलायन्स, १९९९ मध्ये वनवर्ल्ड, २००० मध्ये स्कायटीम. एकीच्या विमानात बसा, माइल्स दुसरीच्या खात्यात. सोयरिकीचंही फारसं खरं नसतं म्हणा. स्टारच्या त्या पाच संस्थापकांतली एसएएस २०२४ साली उठून सरळ स्कायटीमच्या पंगतीत जाऊन बसली.

तर, मला स्वस्त तिकीट मिळालं ते कुठल्याच गोतावळ्यात नसलेल्या एका कंपनीचं. अशा कंपन्या असतात. एमिरेट्स, एतिहाद एवढ्या मोठ्या, पण तिन्हींपैकी कुठल्याच अलायन्समध्ये नाहीत. ज्याच्याशी पटेल त्याच्याशी स्वतंत्र करार. माझ्या तिकिटाची कंपनी तिसरीच, आणि माझ्या योजनेच्या यादीत तिच्या नावापुढे ‘भागीदार’ असं लिहिलं होतं. मी हुरळलो. भागीदार आणि सोयरा यांत फरक असतो, हे मला लाउंजच्या दारात कळलं. माझं सोनेरी कार्ड त्या बाईंनी दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पत्रिका परत करावी तसं अदबीने परत केलं.

लाउंजचं जाऊ दे. माइल्स तरी? जाताना दोन हजार मैल, येताना दोन हजार. महिना गेला, खात्यात काही नाही. फोन केला.

“सर, आपण कुठल्या अक्षराने गेलात?”

“मी विमानाने गेलो.”

मग उलगडा झाला. तिकिटावर एक इंग्रजी अक्षर छापलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या, तोच डबा, तेच पाणी, पण एकाचं अक्षर ‘वाय’ आणि दुसऱ्याचं ‘क्यू’ असू शकतं. वाय म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, मानाचा गणपती. बाकीची अक्षरं सवलतीची, आणि उडालेल्या मैलांपैकी कुठल्या अक्षराला किती टक्के माइल्स ते ज्या-त्या योजनेच्या तक्त्यात. भागीदाराचा तक्ता वेगळा, आणि अर्थातच कंजूष. माझ्या अक्षरापुढे पंचवीस टक्के होते. त्याच्या खालच्या ओळीत शून्य होतं, म्हणून मला उगीचच श्रीमंत वाटलं.

आता न आलेले माइल्स मागायचा, म्हणजे क्लेमचा फॉर्म. तेरा आकडी तिकीट नंबर, फ्लाइट नंबर, आसन आणि बोर्डिंग पासची प्रत. मुदत सहा महिने. माझे दोन्ही पास पाकिटात पुसट होत चालले होते, म्हणूनच तर मी ते ‘जपायला’ नेले. सुदैवाने दुकानदाराने आधी एकच यंत्रात घातला. तो दुसऱ्या बाजूने कोळसा होऊन बाहेर आला तेव्हा आम्ही दोघांनीही दोन मिनिटं मौन पाळलं.

उरलेल्या पासवर क्लेम केला, तो फेटाळला गेला. नाव जुळत नाही. पासवर माझ्या नावाला ‘एमआर’, म्हणजे मिस्टर, चिकटलेलं होतं, मध्ये जागा न सोडता. संगणकाच्या मते तो दुसराच कुणीतरी गृहस्थ. मीच मी आहे हे कळवायला तीन ईमेल गेल्या. परतीची कथा आणखी निराळी: विमान एका कंपनीचं, फ्लाइट नंबर दुसरीचा. याला कोडशेअर म्हणतात. कुठे नंबर कुणाचा ते बघतात, कुठे विमान कुणाचं ते. माझ्या बाबतीत दोन्ही बघत होते.

शेवटी जातानाचे पाचशे माइल्स जमा झाले. मी ते बायकोला दाखवले.

“माझे आठवड्यातच आले होते,” ती म्हणाली.

“तुझे? कुठे?”

“अहो, ज्यांच्या विमानात बसलो त्यांचीच योजना आहे ना. फुकट आहे. तिकीट काढतानाच नंबर घातला. एका बाजूचे हजार आलेत, जाताना-येताना मिळून दोन हजार.”

“अक्षर पाहिलं होतंस?”

“कसलं अक्षर?”

मी गप्प बसलो. परवा ती ड्रॉवर आवरत होती.

“हा काळा तुकडा टाकून देऊ?”

“हात लावू नकोस,” मी म्हणालो, “परतीचा क्लेम अजून विचाराधीन आहे.”