‘टाटाला जमलं, तुम्हाला का नाही?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मेंदूची ऑपरेशनं कोणत्या क्रमाने घेतली, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की, तुमच्या काकूंचं मेनिंजिओमाचं (मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीचं) ऑपरेशन लांबणीवर पडलं आणि त्याच वेळी टाटा या कॅन्सरच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनं चालू होती; म्हणजे ‘प्राधान्यक्रम’ हे डॉक्टरांच्या भीतीचं गोंडस नाव.

भीती होती, नाही कशाला म्हणू? टाटाने २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या आणि ऑपरेशननंतर त्यातला एकही पेशंट दगावला नाही, हेही खरं. पण त्यांच्या दारात १०८ची गाडी डोकं फुटलेला माणूस आणून उतरवत नाही. आमची कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी, भूलतज्ज्ञ कोविड आयसीयूत अडकलेले. त्यात नायर हॉस्पिटल कोविडसाठी राखलं गेलं. लोकल बंद, त्यामुळे रुळांवरच्या केसेस जवळपास थांबल्या (मुंबईच्या न्यूरोसर्जनला हे चमत्कारिकच वाटायचं). जिन्यावरून पडणारे आणि ब्रेन हॅमरेजवाले मात्र येतच होते.

आम्ही आजार किती मोठा हे बघत नव्हतो. थांबलो तर कायमचं काय जाईल, हे बघत होतो. एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमाचा (कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचलेला) पेशंट कधीकधी चालत येतो, नाव-गाव सांगतो, आणि बघता बघता त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी होते, टॉर्च मारला तरी आकसत नाही. तिथे आरटी-पीसीआरच्या रिपोर्टची वाट बघायची नसते. पॉझिटिव्ह धरायचं आणि टेबलावर घ्यायचं. शंट (मेंदूत साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी) बंद पडलेलं मूल, कण्याच्या तळाशी नसा दाबून लघवी अडलेला पेशंट, यांचंही तसंच. याउलट पिट्युटरीचं (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचं) ऑपरेशन बहुतेक वेळा नाकातून होतं आणि विषाणूचा मुक्कामही नाकातच. नजर जात नसेल, तर ते थांबवलं. शिवाय फेस शील्ड लावली की मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळा टेकत नाही. त्यात गॉगलवर वाफ.

काकूंना फिट नाही, नजर ठीक, गाठ जुनी, असं तुम्हीच लिहिलंय. २०२०च्याच मे महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांचा अभ्यास आला: ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्यांपैकी २३.८ टक्के पेशंट तीस दिवसांत गेले. अशा वेळी त्यांना वॉर्डात आणणं मला तरी पटलं नसतं.

‘नंतर या’ सांगितल्यावर पुढे कोणी फोन केला नाही, ही तुमची तक्रार मात्र बिनतोड आहे. थांबवलेल्यांची यादी दर पंधरवड्याला तपासायलाच हवी: नजर कशी आहे, डोकं दुखतं का, फिट आली का. कारण आज थांबू शकणारा पेशंट महिनाभराने तसाच असेल, असं नाही. हे काम इंटर्नलाही जमतं. लोकल नसताना पालघरच्या माणसाला ‘त्रास झाला तर या’ म्हणणं म्हणजे वाऱ्यावर सोडणंच.

काकूंचा एमआरआय पुन्हा झाला का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर करून घ्या, नेत्रतज्ज्ञांकडे फील्ड टेस्टही (नजर कडेपर्यंत किती पोचते याची तपासणी) करा. आणि जुन्या फिल्म रद्दीत टाकू नका, सोबत न्या. गाठ वाढली की नाही, ते दोन्ही शेजारी लावल्यावरच कळतं.